काकूंच्या माळ्यावरचा स्पेक्ट्रम

काका, नमस्कार. मी आर्वी तालुक्यातला. स्टँडजवळ मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, घरी कापूस-तुरीची शेती. काही वर्षांपासून जुने घरगुती कॉम्प्युटर आणि व्हिडिओ गेमच्या कॅसेट जमवतो, दुरुस्त करतो, जमलं तर विकतो. आता तीन गोष्टी एकदम समोर आल्यात. बाजूच्या गावात गणिताचे एक सर होते, ते वारले. त्यांच्या माळ्यावर खोक्यासकट स्पेक्ट्रम कॉम्प्युटर, टेपरेकॉर्डर आणि पिशवीभर कॅसेट निघाल्या. काकू म्हणतात, '५०० रुपये दे आन् घेऊन जा, माळा मोकळा होईल.' पुण्याचा एक संग्राहक म्हणतो, चालू असेल तर १२ हजार देतो. मित्र म्हणतो, काकूंना काही सांगू नको, धंदा असाच असतो. दुसरं, तालुक्याच्या एका शाळेत बंद खोलीत 'बीबीसी' लिहिलेले दोन कॉम्प्युटर पडून आहेत. तिथला शिपाई म्हणतो, संध्याकाळी गाडी घेऊन ये. तिसरं, ऑनलाइन एक जण व्हिडिओ गेमच्या ३५ 'ओरिजिनल' कॅसेट १८ हजारांत देतोय, अर्धे पैसे आधी मागतोय. कापसाचे पैसे आले आहेत, पण बाबा म्हणतात, 'हे डबडे कायले भरून ठेवतं घरात?' काका, यात धंदा आहे का? आणि काकूंना न सांगणं चूक आहे का?
— एक वाचक, जि. वर्धा

शेवटचा प्रश्न तू सगळ्यात खाली लिहिलास, पण मी तिथूनच सुरू करतो. हो, काकूंना न सांगणं चूक आहे. मित्राचं ऐकू नकोस.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात माल मांडून बसलेला माणूस जाणता असतो. त्याच्याकडून एखादी चांगली वस्तू तू कमी भावात उचललीस, तर ती तुझ्या नजरेची कमाई. काकूंनी मात्र दुकान मांडलेलं नाही. त्या गेलेल्या नवऱ्याचा माळा रिकामा करताहेत, आणि ५०० हा आकडा त्यांनी भंगाराचा भाव मनात धरून सांगितला असणार. त्या घरात त्या वस्तूचं मोल ओळखणारा माणूस एकच आहे, आणि तोच ती विकत घ्यायला आलेला आहे. अशा वेळी गप्प राहणं म्हणजे फसवणंच झालं. 'धंदा असाच असतो' हे वाक्य मी पुष्कळ जणांच्या तोंडून ऐकलंय. ज्यांच्या माळ्यावर काही शिल्लक आहे अशा माणसांनी ते म्हटलेलं मात्र अजून ऐकलं नाही.

पण १२ हजार हेही अजून पैसे नाहीत, हे तूही नीट समजून घे आणि काकूंनाही सांग. पुण्याच्या माणसाची अट 'चालू असेल तर' अशी आहे. ते मशीन किती वर्षं माळ्यावर होतं, उंदरांनी काय खाल्लं, पाणी गळलं का, यातलं काही तुला माहीत नाही. बंद निघालं तर तोच माणूस अर्ध्यावर येईल किंवा फोनच उचलणार नाही. म्हणून काकूंसमोर बसून सरळ असं बोल: 'काकू, हे चालू झालं तर एक जण १२ हजार देतो म्हणतो. चालू होईल याची खात्री नाही. मी दुरुस्त करून बघतो. विकलं गेलं तर खर्च काढून उरलेल्यातले दोन वाटे तुमचे, एक माझा. नाही झालं तर आहे तसं परत आणून देतो.' बटईचा हिशेब गावात सगळ्यांना कळतो, हाही त्यांना लगेच कळेल. वाटे किती करायचे ते तुम्ही दोघांनी ठरवा, मी माझं मत सांगितलं. सुटे भाग, अडॅप्टर आणि पाठवणीचा खर्च आधी काढायचा, तुझी मेहनत तुझ्या वाट्यात धरायची. सगळं वहीच्या कागदावर लिही, दोघांनी सही करा, एक प्रत त्यांच्याकडे ठेव. आणि मुलं बाहेरगावी असतील तर त्यांना फोन लावायला सांग. वडिलांची वस्तू परस्पर गेली, असं मुलांना पुढे कळलं तर बोल काकूंना लागतील, आणि त्यानंतर तुला.

कदाचित हे ऐकून काकू म्हणतील, आम्हाला विकायचंच नाही. तसं म्हणाल्या तर तेही मान्य कर. दुरुस्त करून दे, मजुरी घे, घरी ये.

आता त्या पिशवीभर कॅसेटबद्दल. तुझ्या पत्रात त्या शेवटी आल्यात, माझ्या मते त्या पहिल्या आहेत. स्पेक्ट्रमवर प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवायचे. विकत आणलेले गेम पुन्हा कुठेही मिळतील. गणिताच्या सरांनी स्वतः बेसिक या संगणकाच्या भाषेत लिहिलेला एखादा प्रोग्रॅम, मुलांसाठी केलेला पाढ्यांचा किंवा आलेखाचा, तो जगात फक्त त्या कॅसेटवर असेल. तेव्हा एकही कॅसेट विकण्याआधी, कुणालाही देण्याआधी, सगळ्यांची नक्कल करून घे. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे चौकोनी टॅब असतात, ते आधी मोडून टाक, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावूच नको, बाजूला ठेव. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरव. माळ्यावरच्या टेपरेकॉर्डरचा रबरी बेल्ट चिकट होऊन ताणला गेला असण्याची शक्यता मोठी आहे. बेल्ट बदल, हेड आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पूस, मगच लाव. टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून वायर घेऊन कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये दे आणि वेव्ह फाइल म्हणून रेकॉर्ड कर. एमपी३ करू नको, त्यात आवाज दाबला जातो आणि मशीनला तो वाचता येईलच असं नाही. कॅसेटवर पेनाने जे लिहिलं असेल तेच फाइलचं नाव ठेव, अक्षराचा फोटो काढ. एखाद्या बाजूला घरचं काही भरलेलं निघालं, सरांचा आवाज, मुलांचं गाणं, तर ते पेन ड्राइव्हवर काकूंना द्यायचं, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत.

मशीनकडे येऊ. आधी खालचं लेबल वाच. मूळ झेडएक्स स्पेक्ट्रम ब्रिटनच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये आणला, १६ आणि ४८ केबी मेमरीच्या दोन प्रकारांत, रबरी बटणांचा. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' काढला, तो काही हजार विकला गेला आणि १९९० च्या सुमारास बाजार संपला. सरांकडचा जर हा डीबी असेल, तर खोकं, पावती, हमीपत्र, माहितीपुस्तक, काहीही फेकू देऊ नको. ब्रिटनचे स्पेक्ट्रम लाखोंनी बनले आणि तिकडे ते जपणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे बनलेलं आपल्याशिवाय कोण जपणार?

घरच्या प्लगमध्ये लावून बघायचा मोह आवर. स्पेक्ट्रमचा अडॅप्टर ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअरचा असतो, आणि त्याची मधली पिन निगेटिव्ह असते. राउटरच्या किंवा सेटटॉप बॉक्सच्या अडॅप्टरची मधली पिन बहुतेक वेळा पॉझिटिव्ह असते. घाईत तो लावलास तर सरांचं मशीन तुझ्याच हातून जाईल. मूळ अडॅप्टर मोकळा मोजलास तर मीटरवर ९ पेक्षा बरंच जास्त दिसेल, त्या जुन्या पद्धतीच्या अडॅप्टरचं तसंच असतं, त्यात बिघाड नाही. पण तुझ्याकडे त्याहून चांगली गोष्ट आहे. मोबाइलच्या दुकानातला तुझा डीसी पॉवर सप्लाय. त्यावर ९ व्होल्ट लाव, करंटची मर्यादा घाल, पिनची दिशा दोनदा तपास, आणि चालू करताना डोळे अँपिअरवर ठेव. शॉर्टिंग असेल तर तिथेच कळेल. शहरातल्या कित्येक संग्राहकांकडे हे साधन नसतं आणि ते वापरण्याचा हातही नसतो, तुझ्याकडे दोन्ही आहे.

उघडताना झाकण झटक्याने वर ओढू नको. कीबोर्डच्या पातळ पट्ट्या खालच्या बोर्डात अडकवलेल्या असतात आणि इतक्या वर्षांनी त्या पापडासारख्या कडक झालेल्या असतात. तुटल्या तर घाबरायचं कारण नाही, नव्या मेम्ब्रेन, म्हणजे या पट्ट्यांसकट कीबोर्डखालचा पातळ पडदा, आजही बनतात आणि मिळतात. सिंक्लेअरच्या बोर्डावर खालच्या १६ केबीसाठी ४११६ या मेमरी आयसी असतात आणि त्यांना १२, ५ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. नुसते ५ व्होल्ट मिळाले म्हणून समाधान मानू नको. उणे ५ गायब असेल आणि तू मशीन चालूच ठेवलंस, तर मेमरी आयसी एकामागून एक जातात. तिन्ही मोजून बरोबर आले तर टीव्हीची वायर लाव. हा सिग्नल यूएचएफ चॅनेल ३६ वर येतो, त्यामुळे टीव्हीत अॅनालॉग ट्यूनर हवा. घरात जुना डब्बा टीव्ही असेल तर तो बाबांना भंगारात देऊ देऊ नको, तोच आता तुझा टेस्टिंगचा टीव्ही. पांढऱ्या पडद्यावर खाली '१९८२ सिंक्लेअर रिसर्च' अशी ओळ उमटली की मशीन जिवंत आहे. मग एखादा गेम मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून ऑडिओ वायरने त्याच्या 'इअर' लिहिलेल्या सॉकेटमध्ये वाजव. आवाज जवळजवळ पूर्ण मोठा ठेव. तो कर्कश आवाज आणि पडद्याच्या कडेचे रंगीत पट्टे सुरू झाले की काकूंना दाखवायला बोलाव. सर हे घेऊन बसायचे, ते नेमकं काय करायचे, हे त्यांनी कदाचित कधी पाहिलंच नसेल.

दुसऱ्या एखाद्या जुन्या मशीनचं पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं करायच्या नादी लागू नको. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायची रीत प्रसिद्ध आहे, पण वर्ध्याच्या मे महिन्यातल्या उन्हात ते कव्हर वाकडं होईल किंवा त्यावर डाग पडतील, आणि पिवळेपणा काही वर्षांनी परत येतो. जाणता गिऱ्हाईक आहे तसंच मागतो. आणि मोबाइलचा बोर्ड धुवायला तू जे थिनर वापरतोस ते कुठल्याही कव्हरच्या आसपास आणू नको, प्लास्टिक विरघळतं आणि लेबलची शाई जाते. बाहेरून मऊ फडकं आणि साबणाचं पाणी, आत आयपीए. बस.

शाळेच्या कॉम्प्युटरबद्दल माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. संध्याकाळी गाडी घेऊन जायचं नाही, शिपायाला हजार-पाचशे द्यायचे नाहीत. ती वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढलेली असते. ती मोडकी आहे, कुणी वापरत नाही, धूळ खातेय, याने ती कुणाचीच नाही असं होत नाही. उद्या तपासणीत नग कमी भरले तर पोलीस तुझ्या दुकानात येतील आणि त्या शिपायाची नोकरी जाईल. सरळ मुख्याध्यापकांना भेट. निर्लेखन झालंय का, म्हणजे नोंदवहीतून ते रीतसर काढलेत का, विचार. झालं नसेल तर लेखी अर्ज दे की निर्लेखन होऊन लिलाव होईल तेव्हा मला कळवा. वेळ लागेल. पावती हातात आल्याशिवाय वस्तू हलवू नको.

त्याहून एक चांगला रस्ता मला दिसतो. त्या शाळेला सांग की मी हे तुमच्यासाठीच चालू करून देतो, प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात ठेवा. ते मशीन त्या लायकीचं आहे. बीबीसी मायक्रो केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने डिसेंबर १९८१ मध्ये आणला, ब्रिटिश बीबीसीच्या संगणक साक्षरतेच्या कार्यक्रमासाठी. १९८४-८५ मध्ये आपल्या केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला तेव्हा हेच मशीन निवडलं, म्हणून ते आज अशा बंद खोल्यांत सापडतं. मागे एससीएल लिहिलं असेल तर ते मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सचं. आणि तुला आवडेल अशी गोष्ट पुढे आहे. याच एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एआरएम प्रोसेसरची रचना केली. त्याची पहिली चिप २६ एप्रिल १९८५ रोजी चालली, ती बीबीसी मायक्रोलाच जोडून. तुझ्या टेबलावर रोज उघडे पडणारे मोबाइल त्याच घराण्यातले आहेत. हे त्या शाळेतल्या मुलांना तूच सांगायला हवंस, तालुक्यात ते सांगणारा दुसरा कोण आहे?

फक्त मुख्याध्यापकांना आधीच बजाव की कुणी प्लग लावून बघू नका. याचा पॉवर सप्लाय आतच असतो, सरळ २३० व्होल्टवर. त्यात मेनच्या बाजूला पिवळसर पारदर्शक कवचाचे फिल्टर कपॅसिटर असतात. वयाने त्यांना बारीक तडे जातात, ओल आत शिरते आणि चालू केल्यावर थोड्या वेळात ते फुटून खोलीभर घाण धूर करतात. ते आधी बदलायचे. मेनचा भाग उघडायचा तर मोठा कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय हात घालायचा नाही. मोबाइलच्या ४ व्होल्टची सवय इथे घातक आहे. त्याच खोलीत ३८६ किंवा ४८६ पीसी असतील तर त्यांच्या मदरबोर्डवर सोल्डर केलेली निळी गोल बॅटरी आधी बघ. ती गळून ट्रॅक खाते. कापून काढ आणि ती जागा साफ कर.

३५ कॅसेट आणि १८ हजार. आगाऊ एक रुपया देऊ नको. जाणते विक्रेते असे अर्धे पैसे आधी मागत नाहीत आणि पस्तीसच्या पस्तीस 'ओरिजिनल' म्हणून विकत नाहीत. त्याच्याकडून तीन गोष्टी माग: कागदावर आजची तारीख आणि तुझं नाव लिहून त्याच्यासोबत सगळ्या कॅसेटचा फोटो, त्यातल्या तू निवडलेल्या पाच उघडून आतल्या बोर्डचा फोटो, आणि त्याच पाच टीव्हीवर चालताना व्हिडिओ कॉल. खरा माणूस कुरकुर करेल पण दाखवेल. जो 'माझ्यावर विश्वास नाही का' म्हणतो त्याचा नंबर काढून टाक. पैसे पाठवतो म्हणून कुणी क्यूआर स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगितलं तर तो चोर आहे. यूपीआयचा पिन पैसे द्यायलाच लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. चुकून गेलेच पैसे तर वाट न बघता १९३० वर फोन कर.

खरं-खोटं ओळखायचं कसं ते सांगतो. निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा गेमचा संच जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी आला, त्याची कॅसेट ६० पिनची. अमेरिकेत १९८५ मध्ये आलेल्या त्याच्याच एनईएस या रूपाची कॅसेट मोठी, करडी, ७२ पिनची. आपल्या लहानपणी किंवा तुझ्या काकांच्या लहानपणी गावोगावी जे होते ते फॅमिकॉमची नक्कल केलेले चिनी-तैवानी बनावटीचे संच, कॅसेट ६० पिनच्या, पिवळ्या, 'एकात हजार गेम'वाल्या. त्यांना ओरिजिनल म्हणणारा एकतर अडाणी आहे नाहीतर लबाड. उघडल्यावर आत छोटासा बोर्ड आणि त्यावर काळ्या रसायनाचा थेंब दिसला तर बहुधा नक्कल. पायांच्या आयसी, त्यावर छापील क्रमांक आणि बोर्डवर कंपनीचं नाव असेल तर खरी असण्याची शक्यता चांगली. 'बहुधा' म्हणतोय कारण काही जपानी कंपन्यांनीही थेंबवाले बोर्ड वापरले, आणि कोनामी, नामकोसारख्या गेम कंपन्यांचे बोर्ड त्यांचे स्वतःचे असायचे. एका खुणेवर निकाल लावू नको. कवच, लेबलची छपाई, बोर्ड, तिन्ही एकमेकांशी जुळतात का ते बघ. ज्यात गेम सेव्ह होतो अशा काही कॅसेटमध्ये बॅटरी असते. ती बदललीस की जुना सेव्ह पुसला जातो, तेव्हा गिऱ्हाईकाला विचारून बदल.

पिनांवर फुंकर मारायची सवय सगळ्यांना आहे. तोंडातली ओल पिनांवर गंज आणते. कॅसेट चालते ती काढून पुन्हा बसवल्यामुळे, फुंकरीमुळे नाही. कापसाची काडी, आयपीए आणि सावकाश हात. खोडरबर घासू नको, सोन्याचा थर फार पातळ असतो.

आणि नक्कल असलेल्या कॅसेट तू जरूर जमव. समुराई, लिटल मास्टर असे संच, त्यांची खोकी, त्यावरची चित्रं, हेच तर आपल्या घरांत होतं. फक्त विकताना नक्कल म्हणूनच विक. आजकाल नवीन छापून आणलेल्या कॅसेट जुन्या म्हणून खपवणारे वाढलेत, त्यात पडू नको.

आता बाबा. कापसाच्या पैशाला हात लावायचा नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगतोय. तो पैसा पुढच्या बियाण्याचा, खताचा आणि घराचा आहे. एक वर्ष बोंडअळी आली किंवा पाऊस उशिरा आला तर तोच घर धरून ठेवतो. कॅसेट घेतल्या त्या भावात उद्या विकल्या जातील असं कुणी सांगू शकत नाही. या छंदाचा गल्ला वेगळा ठेव: दुकानाच्या नफ्यातून ठरवलेली छोटी रक्कम त्यात टाकायची आणि पुढची खरेदी त्यातूनच करायची. एक वही ठेव, कितीला घेतलं, काय टाकलं, कितीला गेलं. सहा महिन्यांनी ती वही बाबांच्या हातात दे, तोंडी काही सांगू नको. जागेचंही ठरव. एक लोखंडी कपाट, त्यात मावेल तेवढंच. नवीन आणायचं तर आतलं काहीतरी जायला हवं.

कपाट कुठे ठेवतोस तेही बघ. टिनाच्या खोलीत मे महिन्यात आतलं गोंद, बेल्ट, मेम्ब्रेन सगळं भाजून निघतं. आणि ज्या खोलीत कूलर चालतो तिथे तर अजिबात नको, दिवसभर ओली हवा आणि क्षाराचं पाणी. मधली, बंद, कोरडी खोली बरी. डांबरगोळ्या टाकू नको, त्यांची वाफ काही प्लास्टिकना चिकट करते. सिलिका जेल टाक आणि पावसाळ्यात ती बदलत जा. लाइन गेली की सगळे प्लग काढ. परत येताना जो झटका येतो तो तुझ्या फीडरवर किती मोठा असतो, हे तुला मी सांगायला नको.

यात धंदा आहे का? घेण्या-विकण्यात पोट भरेल असं मला वाटत नाही. आर्वीत बसून तुला माल मिळेल, पण कधी मिळेल ते तुझ्या हातात नाही. दुरुस्तीत मात्र आहे. पुण्या-मुंबईत, नागपुरात लोकांकडे बंद मशीन पडून आहेत आणि ती उघडायला हात नाहीत. तुझा हात रोज बारीक सोल्डरिंगवर चालतो. त्यांना पोस्टाने, कुरिअरने मागव, बोर्डचे आधीचे-नंतरचे फोटो पाठव, काढलेले भाग परत दे, आणि झालं नाही तर मजुरी घेऊ नको. बंद आहे, चालू आहे, तपासलं नाही, हे तीनच शब्द वापर. 'चालत असावं' असं कधी लिहू नको. पाठवताना अडॅप्टर वेगळ्या खोक्यात बांध. एकाच खोक्यात टाकलास तर प्रवासात तोच हातोडीसारखा मशीनवर आपटतो. बंद करताना आणि समोरच्याने उघडताना व्हिडिओ काढायचा, हे आधीच ठरव.

पुलगावच्या, आर्वीच्या भंगारवाल्यांशी ओळख ठेव. किलोच्या भावापेक्षा चार पैसे जास्त दे म्हणजे ते आणलेला कीबोर्ड फोडायच्या आधी तुला फोन करतील. तुझ्याकडून निघालेले मेलेले बोर्ड आणि बॅटऱ्या मात्र त्यांच्याकडे जाळायला देऊ नको. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच ते साठवून पाठव.

काकूंकडे या रविवारी जा, आईला सोबत ने. एकट्या बाईच्या घरी माळा उपसायला दोन बाया आणि तू, हे बरं दिसतं. बेटा, बोलणं झालं की मशीन उघडण्याआधी मला खालच्या लेबलचा फोटो पाठव, आणि उघडल्यावर बोर्डवर छापलेला इश्यू नंबर, म्हणजे बोर्डच्या आवृत्तीचा क्रमांक. व्होल्टेज कुठे मोजायचे त्या जागा इश्यूप्रमाणे थोड्या बदलतात, त्यावर खुणा करून मी तुला परत पाठवतो.